हाक्यातल्या लाल बंड्या

शकू, तेरवी झाली. मांडव निघाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, मीनाही पोराची शाळा बुडते म्हणून नागपूरले परतली. घर खाले उठते असं लोक म्हणत, तेव्हा मले ते बोलण्यापुरतं वाटे. आता समजलं. सकाळी सवयीनं दोन कप चहा मांडतो अन् मग एक कप भिंतीपलीकडं देवरावले हाक मारून देतो. तो भिंतीवरून कप घेते. पिऊन टाकते अन् कप विसळून ठेवते.

त्यातच गावची मंडळी आलती. दारात चपला काढून उभी राह्यली. शेवटी देवरावनंच सांगतलं, वनखात्याची परवानगी आली, धाम नदीच्या काठची तूर डुकरायनं पार लोळवून टाकली, अन् यंदा रोही-नीलगायीही उतरून राह्यल्या. बंदूक काढा लागते. मी हो म्हटलं. नाई कसं म्हणू? आजोबापासून या घरात बंदूक आहे अन् गावाले दुसरं घर माहीत नाई. मंडळी गेल्यावर कोट काढाले पेटी उघडली, त कोटाची बाही खांद्यापाशी विरलेली. बोट घातलं त आरपार. अन् मी, येड्यासारखा, कोट हातात धरून आवाज दिला, "शकू, हे पाह्य वं जरा!"

सांगून टाकतो, त्या वेळी रडलो. तू गेली त्या दिवशी लोक होते, रडाले जागाच मिळाली नाई. पेटीसमोर मिळाली.

तो कोट तूच शिवलेला. मिलचा जाड खाकी कपडा, हिंगणघाटच्या बाजारातून मीच आणलेला. तू आधी तो रातभर बादलीत भिजवून ठेवला, उन्हात वाळवला, मग कुठं कैची लावली. मी घाईत होतो, म्हटलं कपडा कापाच्या आधी आंघोळ कायले घालते? तू म्हणाली, "आटायचा तेवढा आताच आटू द्या. अंगावर आटला की तुमीच बोंबलान." गुडघ्याले दुहेरी कपडा, शिवण आत दुमडून परत शिवलेली, मनगटाले नाडी, म्हणजे कुसळं बाहीत शिरत नाईत. चेन लावू दिली नाई तू. चेनीत गवताचं बी अडकते अन् उघडतांना आवाज होते, म्हणून बटणं. बटणाचा धागा मेणातून ओढलेला. कापून झाल्यावर तुझ्यापाशी चिंधी उरत नसे. वीतभर कपडा वाया गेला त दिवसभर तोंड पाडून बसायची. मी चिडवायचो, पण मीनाचं लहानपण त्या वाचवलेल्या कपड्याच्या झबल्यात गेलं.

शिकार तुले पसंत नव्हती, अन् शिकाऱ्याचे कपडे तुझ्यासारखे साऱ्या तालुक्यात कोणी शिवले नाईत. हे मले कधी उमगलं नाई. एकदा विचारलं होतं, तुले एवढा राग आहे त शिवून कायले देते? तू सुई दातात धरून म्हणाली, "काटा तुमाले रुतते, हळद मले लावा लागते."

पण तुझ्या सुताचा कपडा शिकारीसाठी मले कधी दिला नाई. बाकी सारं दिलं. सदरा दिला, धोतर दिलं, हिवाळ्यात पांघराची जाड चादर दिली. तुझं माहेर पवनारचं, तुझ्या मायनं तुले चालाच्या आधी टकळी फिरवाले शिकवलं, असं तूच सांगायची. रोज दुपारी जेवणं झाली की तू चरख्यावर बसायची, सुताच्या गुंड्या करून ठेवायची, अन् सेवाग्रामकडच्या खादीच्या केंद्रावर देऊन कपडा घेऊन यायची. तिथं मागावर बसणारी सुमनताई तुझी मैत्रीण. तुमच्या दोघींच्या गोष्टी सुरू झाल्या की शेवटची बस चुकायची अन् मले मोटारसायकल काढा लागायची.

खादी मले हवी होती ती काही दिखाव्यासाठी नाई, हे तुले माहीत आहे. तरी परत सांगतो. जावयानं मोबाईलवरून मागवलेला तो पानापानाचा कोट आठवते? कुठल्या देशात शिवला होता देव जाणे. जावई म्हणे, बाबा, शिकारीसाठी खास आहे. दिसाले झकास. अंगात घालून आरशासमोर उभा राह्यलो त तू पदर तोंडाले लावून हसून राह्यलती. "झाड झालं वं माय माझ्या घरधन्याचं!" पहिल्याच हाक्यात त्यानं अब्रू घालवली. जरा हात हलवला की खस्स, पाय उचलला की खस्स. दबा धरून बसलो अन् हाकेवाल्यायनं उठवलेलं डुक्कर तुरीच्या तोंडाशी येऊन माझ्या कोटाचा आवाज ऐकून वापस फिरलं. संगं आलेली पँट बांध चढतांना मागून उसवली, साऱ्या गावासमोर. देवरावनं खांद्यावरचा दुपट्टा दिला कमरेले गुंडाळाले. त्या दुपट्ट्यात घरी आलो, अन् तू दार उघडून काही न बोलता सुईत धागा ओवाले बसली. ते न बोलणं भल्लं लागलं होतं मले.

खादी आवाज करत नाई. घाम पिते. बाभळीच्या काट्यातून ओढली तरी धागा सरकते, फाटत नाई. आपल्या कापसाची, आपल्या जिल्ह्यात कातलेली, विणलेली. म्हणून मी म्हटलं, शकू, तुझ्या सुताचा एक कोट दे, जन्मभर पुरेल. तू चरखा थांबवला नाई. "तुमच्या बंदुकीले मिलचा कपडा पुरते," म्हणाली.

किती वेळा झालं हे भांडण. मी म्हणायचो, शिकार नाई ही, बंदोबस्त आहे. सरकारचा कागद आहे, पंचनामा होते, जनावर खड्ड्यात पुरल्या जाते, कोणी बोटभर मांस घरी आणत नाई. तू म्हणायची, "डुकराले कागद दाखवता का आधी?" मी म्हणायचो, तुझ्यासंगं कापूस वेचणाऱ्या रुखमाबाईले डुकरानं मांडीपासून फाडलं, तिच्या उशाशी तूच बसलती ना? तू म्हणायची, "बसलती. त्याच्यासाठीच तुमाले अडवत नाई. जा. पण माझ्या सुतात नाई." एकदा मी चिडून विचारलं, काऊन पण? सुताले काय समजते? तेव्हा तू सरळ माझ्याकडं पाह्यलं. "काततांना मी मनात काही म्हणत राह्यते," तू म्हणाली. "मीनासाठी, तुमच्यासाठी, कोणाकोणासाठी. ते सूत जीव घ्याच्या कामाले नको." काय म्हणते ते मी विचारलं नाई. आता विचाराले कोणी नाई.

दुसरं भांडण रंगाचं. मागच्या हंगामात सकाळी सारे हाकेवाले आपल्या अंगणात चहाले जमले होते. माझं काम एका टोकाले बंदूक घेऊन बसाचं. त्यायचं काम दुसऱ्या टोकानं तुरीत शिराचं अन् डबे वाजवत, ओरडत डुकरं माझ्याकडं रेटाचं. देवरावनं अल्लीपूरच्या बाजारातून पानापानाचा बनियन घेतला होता, भल्ला खुशीत होता. तू चहाचं ताट घेऊन बाहेर आली अन् तिथंच थांबली.

"देवरावभाऊ, हे काय घातलं अंगात?"

"शिकारीचा आहे वयनी. फौजेत घालते असा."

"तुरीत शिरले की तूरच दिसान तुमी. अन् समोर आमच्या ह्यायच्या हातात बंदूक."

देवराव हसला. मीही हसलो. तू आत गेली अन् जुन्या लाल लुगड्याच्या पट्ट्या फाडून आणल्या, एकेकाच्या दंडाले बांधाले लागली. मी म्हटलं, अवं, हाक्याले चाललो का वरातीले? लाल पाहून डुक्कर जागेवर राहील का? तू गाठ मारता मारता म्हणाली, "डुकराले लाल दिसते का नाई मले माहीत नाई. तुमाले दिसलं पाह्यजे." लोकायनं तुझ्यासमोर बांधून घेतल्या अन् शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, सोडून ठेवल्या. संध्याकाळी तू त्या पट्ट्या धुऱ्यावरून गोळा करून आणल्या, धुऊन घडी घालून ठेवल्या. माझं मत तेव्हा हेच होतं की बायकायले हाक्यातलं काय समजते.

मग तुझं दुखणं निघालं अन् ही भांडणं मागं पडली. सेवाग्रामच्या दवाखान्यात येणं-जाणं सुरू झालं. त्या दिवसांत तू कातायची ते सूत एकदम जाड, सुतळीसारखं. मी म्हटलं, दोर वळून राह्यली का बैलाचा? तू म्हणाली, "बारीक नाई जमत आता हाताले." मले वाईट वाटलं, तुझं सूत म्हणजे केसावाणी असायचं. मी त्या जाड गुंड्या तुझ्या सांगण्यावरून केंद्रावर नेऊन द्यायचो अन् सुमनताई काही न विचारता घ्यायची. मले वाटायचं, बाई चांगली आहे, आजारी बाईचं मन मोडत नाई.

शेवटी शेवटी खाटेवर टकळी घेऊन बसायची. मी मुद्दाम छेडलं, की बोलशील, भांडशील. "आता तरी एक कोट दे वं तुझ्या सुताचा." तू हसली. मग विचारलं, "देवरावभाऊ अजून तोच बनियन घालते का?" मी म्हटलं, तोच, आता त सारेच घालते. तू भिंतीकडं तोंड केलं. मले वाटलं थकली. पांघरुण घातलं अन् बाहेर जाऊन बसलो. तिथं बसाले नको होतं, तुझ्यापाशी बसाचं होतं. पण तुले झोप लागली असं वाटलं, अन् तुझी झोप मोडाची हिंमत मले कधीच झाली नाई.

तर, कोट फाटलेला सापडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुमनताई आली. संगं एक गाठोडं. "शकूबाईचं आहे," म्हणाली. सोडलं त आत कपडा. जाड, दोन तारा एकत्र करून विणलेला, हात फिरवला त खरबरीत, ओढून पाह्यलं त जागचा हलत नाई. अन् रंग लाल. भडक लाल. लग्नातल्या शालूसारखा.

मी काय सांगू शकू, क्षणभर मले एवढं बरं वाटलं. म्हटलं हरली एकदाची! सारा जन्म नाई म्हटलं अन् जाताजाता नवऱ्याले कोट देऊन गेली. रंगाची खोड काढलीच म्हणा, पण दिला. मी सुमनताईले म्हटलं, "माझ्यासाठी ना?"

सुमनताईनं चहाचा घोट घेतला. "नाई भाऊ. हाकेवाल्यायसाठी. बिनबाहीच्या बंड्या शिवाच्या, असं सांगतलं तिनं. रंगही पक्काच द्या म्हणे, घामानं उतरला त काय कामाचा." मग म्हणाली, "बंदूकवाल्याले द्याचा नाई, हे मले बजावून बजावून सांगतलं."

तुले वाटत असन मी शांत राह्यलो. बिलकुल नाई. त्या बिचाऱ्या बाईवर आवाज चढवला. माझी बायको, माझ्या घरातला चरखा, त्या गुंड्या मी स्वतः मोटारसायकलवर वाहून नेल्या, अन् मलेच नाई? मेल्यावरही हट्ट सोडत नाई ही! सुमनताई चहा पीत राह्यली. माझं संपल्यावर म्हणाली, "तिचे हात पाह्यले होते का भाऊ शेवटी? सुजले होते. तरी रोज कातत होती. मी म्हटलं मी कातून देते. नको म्हणाली. माझ्या सुतानं माणूस वाचला पाह्यजे, म्हणे." मग तिनं कप आत नेऊन ठेवला अन् बस पकडाले निघाली.

त्या जाड सुताले मी दोर म्हटलं होतं.

कपडा शिंप्याकडं टाकला. हाकेवाल्यायची नावं मी सांगतली, तीच माणसं, गेली किती वर्षं तीच आहेत, तुलेही पाठ होती. सारे आपल्या अंगणात चहा पिऊन जाते. बंड्या तयार झाल्या तसा शिंप्याचा निरोप आला. म्हणे भाऊ, सगळ्यायच्या झाल्या, अन् एकीपुरता कपडा शिल्लक आहे. बरोब्बर एका बंडीपुरता. काय करू?

मी दुकानात जाऊन बाकड्यावर बसलो. शकू, तुझ्या हातून वीतभर कपडा कधी वाया गेला नाई. माणसं मोजून तू सूत कातलं, अन् एका माणसाचं जास्त कातलं? कोणासाठी? नवीन हाकेवाला गावात कोणी आला नाई. शिंपी बिचारा मशीन थांबवून माझ्याकडं पाहून राह्यलता. मग मी उठून उभा राह्यलो अन् त्याले म्हटलं, "घे माझं माप."

अल्लीपूरच्या प्रकाशकडं परवान्याची बंदूक आहे हे तुले माहीत आहे. पोरगा नीट आहे, नजरही माझ्यापेक्षा बरी. मी कधी त्याले हाक्यात बोलावलं नाई, गावच्या बंदुकीचा मान मले सोडवत नव्हता, हे तू ओळखून होती अन् बोलूनही दाखवायची. या वेळी मी स्वतः गेलो त्याच्या घरी. वनखात्याच्या कागदावर त्याचं नाव घालून आणलं. म्हटलं, टोकावर तू बस, मी हाक्यात जातो. त्याले वाटलं म्हातारा दुःखानं भ्रमला. देवरावलेही तसंच वाटलं. "या गुडघ्यानं तुरीत चालसान?" मी म्हटलं, तू डबा दे.

सकाळी अंगणात सारे जमले. चहा मीच केला, साखर जास्त पडली, तरी साऱ्यायनं पिऊन घेतला. बंड्या वाटल्या. देवरावनं तो पानापानाचा बनियन काढला नाई, त्याच्यावरूनच बंडी चढवली. या वेळी धुऱ्यावर कोणी काही सोडलं नाई.

आता मी तुले ती गोष्ट सांगतो जी मले बंदुकीच्या मागं बसून सारा जन्म समजली नाई. तूर डोक्याच्या वर. समोर पानं, शेंगा अन् हिरवा अंधार. डबा वाजवत आपण चालतो, अन् आपल्याले माहीत असते की या हिरव्याच्या पलीकडं एक माणूस बोट खटक्यावर ठेवून बसला आहे, अन् तो आपल्याच दिशेनं पाहून राह्यला. मी भ्यालो शकू. सरळ सांगतो, डबा वाजवाचा थांबलो. देवराव हे दर हंगामात करते अन् येऊन चहा मागते. मी मान वळवून डावीकडं पाह्यलं त तुरीतून त्याची लाल बंडी दिसली. उजवीकडं दुसरी. मग छातीवर स्वतःची पाह्यली. मग चाललो.

अर्ध्यात पोचलो नसीन त समोर खळबळ झाली. डुक्कर उठलं, मोठं, अन् सरळ प्रकाशकडं न जाता आडवं देवरावच्या पुढून पळालं. आवाज आला नाई. मी वाट पाहून राह्यलो, बार येत नाई. डुक्कर काठावरून नदीत उतरून गेलं. नंतर धुऱ्यावर आम्ही बसलो तेव्हा प्रकाशचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "तूर हलली तशी मी नळी उचलली, बोट दाबतच होतो, अन् लाल दिसलं." एवढंच म्हणाला. देवरावनं बंडीची बटणं वरपासून खालपर्यंत लावून घेतली.

दुपारच्या हाक्यात प्रकाशनं दुसरं डुक्कर पाडलं. पंचनामा झाला, खड्डा झाला. त्याचं तुले वाईट वाटलं असतं, ते मी लपवत नाई. बंदूकही मी अजून ठाण्यात जमा केली नाई. पेटीशेजारी उभी आहे, तेल देऊन. उद्या प्रकाश आला नाई अन् गावानं हाक मारली त काय करीन, ते मले आज सांगता येत नाई. आपलं भांडण संपलं असं समजू नको.

पण तो खाकी कोट मी शिंप्याकडं नेला नाई. बाही विरलेली आहे तशी आहे.

रात्री देवराव न बोलावता आला, अंगात बंडी तशीच. मले म्हणे, वयनीले सांगाचं राहून गेलं. मी म्हटलं, काय? तो बराच वेळ नुसता उभा राह्यला अन् घरी गेला. मलेही तसंच झालं आहे, म्हणून हे लिहून राह्यलो.

तुझ्या सुताचा कपडा शेवटी हाक्यातही माझ्या अंगावर आला शकू. हात रिकामे केले तेव्हाच आला. मानेपाशी टोचते थोडा. तू असती त म्हणाली असती, दोन धुण्यात मऊ होते, ओरडू नका. उद्या भिजत घालतो.